सत्तावीस हजारांची वाढ आणि नाशिकचा न दिसणारा पगार

पत्र : ताई, आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. घर स्वतःचं आहे, कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी चौथीत आणि मुलगा अडीच वर्षांचा. मिस्टर अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत अकाउंट्सला आहेत, हातात ४८ हजार येतात. मी घरी पहिली ते चौथीच्या १४ मुलांची शिकवणी घेते, त्याचे १४ हजार मिळतात. आता कंपनीनं मिस्टरांना मुंबईच्या ऑफिसला बोलावलंय, अंधेरी पूर्वेला. जानेवारीत रुजू व्हायचं, पगार ७५ हजार होणार म्हणतात. मिस्टरांचं म्हणणं, २७ हजार वाढतायत, भाडं त्यातच सुटेल. ब्रोकरनं वन बीएचकेचं भाडं अंधेरीत ३८ हजार, ठाण्यात घोडबंदरला २६ आणि डोंबिवलीत १५ सांगितलंय. दोन शहरांच्या खर्चाची तुलना करणाऱ्या दोन वेबसाइट पाहिल्या, दोन्हींची उत्तरं वेगळी. मिस्टरांचे मित्र म्हणाले, महागाई निर्देशांक बघा. सासूबाई काहीच बोलत नाहीत. सोबत आमच्या महिन्याचा हिशेब पाठवतेय. जावं का? – एक वाचक, नाशिक

प्रिय ताई,

तुम्ही हिशेबाचा कागद सोबत जोडलात हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसती घालमेल असते, आकडे नसतात. तुमच्या कागदावर किराणा, भाजी, दूध मिळून १४ हजार, शाळा आणि व्हॅन ५ हजार, पेट्रोल २,८००, सासू-सासऱ्यांची औषधं ३,५००, लाइट आणि गॅस २,७००, सोसायटीचा मेंटेनन्स १,८००, मोबाइल-इंटरनेट १,४०० आणि कपडे, विमा, लग्नकार्यं, आलं-गेलं असं सगळं मिळून १०,८०० आहे. बेरीज ४२ हजार. घरात येतात ६२ हजार, मागे पडतात २० हजार. दोन पगार नसलेल्या, सहा माणसांच्या घराला हे जमलंय, यातलं निम्मं श्रेय तुमच्या काटकसरीचं आहे आणि उरलेलं कुणाचं, ते पुढे बघू.

आधी त्या वेबसाइटचं आणि निर्देशांकाचं सांगते, म्हणजे ते डोक्यातून जाईल. नंबिओसारख्या साइटवर न्यूयॉर्कला १०० धरून बाकीची शहरं मोजतात, आणि आकडे लोकांनी आपणहून भरलेले असतात. त्यांच्या टोपलीत हॉटेलातलं जेवण असतं, जिमची फी असते, शहराच्या मध्यभागातल्या फ्लॅटचं भाडं असतं. परदेशी जाणाऱ्याला त्यावरून ढोबळ अंदाज येतो. तुमच्या घरी सिन्नरच्या शेतावरून येणारं गव्हाचं पोतं त्या टोपलीत नाही. महागाई निर्देशांकाचा तर इथे उपयोगच नाही. केंद्र सरकारचं लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी शहरागणिक आकडा काढतं, त्यात २०१६ चं वर्ष प्रत्येक शहरासाठी १०० धरलेलं आहे. म्हणजे त्या शहरातले भाव २०१६ पासून किती वाढले, एवढंच त्यातून कळतं. नाशिकचा आकडा मुंबईपेक्षा जास्त निघाला तरी नाशिक मुंबईपेक्षा महाग आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मित्रानं भल्यासाठी सांगितलं असेल, पण ती फूटपट्टी या कामाची नाही.

आता मूळ मुद्दा. पहिला प्रश्न तुम्ही मिस्टरांना आजच विचारा: ७५ हजार हे हातात येणारे आहेत, की सीटीसीला, म्हणजे कंपनीच्या त्यांच्यामागच्या वर्षाच्या एकूण खर्चाला, बारानं भागून आलेले? तुम्ही 'होणार म्हणतात' असं लिहिलंय, म्हणून विचारते. समजा महिना ७५ हजार ही सीटीसी आहे आणि मूळ पगार त्याच्या निम्मा, म्हणजे ३७,५०० आहे. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी ४,५०० जातो, ग्रॅच्युइटीची तरतूद म्हणून १,८०० च्या आसपास जातात, मग तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी ४,५०० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २००. हातात उरले ६४ हजार. त्यात काही भाग 'व्हेरिएबल' म्हणून वर्षअखेरीला मिळणार असेल तर महिन्याला आणखी कमी. पीएफ हा तुमचाच पैसा आहे, तो बुडत नाही, पण त्यातून घरमालकाला भाडं देता येत नाही. काही कंपन्या पीएफ १,८०० रुपयांवरच थांबवतात, तेव्हा हातात जरा जास्त येतं. म्हणून तोंडी आकड्यावर काहीही ठरवू नका. एचआरकडून नव्या पगाराचा महिन्याचा तक्ता लेखी मागवा. तेच लोक, तीच कंपनी, मागायला संकोच कसला?

एचआरएचंही, म्हणजे घरभाडे भत्त्याचंही, कुणीतरी सांगेल, मुंबईत मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत एचआरए करमुक्त, मोठा फायदा. तो फायदा जुन्या करपद्धतीतला आहे. नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही, आणि तुमचं उत्पन्न त्याच्या आत आहे. तेव्हा एचआरएनं तुमचा कर वाचणार, हे गणितातून काढूनच टाका.

पुढचं सगळं मी ७५ हजार हातात येतात असं चांगलं धरून मांडते.

मिस्टर म्हणतात २७ हजार वाढतायत. ताई, तुमच्या १४ हजारांचं काय? हॉलमध्ये सतरंजी टाकून १४ मुलं बसतात, ती काही तुमच्या मागे मुंबईला येणार नाहीत. घरात आज ६२ हजार येतात, उद्या ७५ येतील. वाढ १३ हजारांची आहे. तुमची कमाई मोजताना ती 'हातखर्चाची' म्हणून बाजूला राहिली असेल, तर त्यात मिस्टरांचा वाईट हेतू नसेल, आपल्याकडे घरबसल्या कमावणाऱ्या बाईचे पैसे असेच नजरेआड होतात. पण त्याच १४ हजारांतून आज तुमची सत्तर टक्के शिल्लक उभी आहे. या वेळी ते वहीत पहिल्या ओळीवर लिहा.

आणि वहीत कधीच न आलेल्या आणखी काही गोष्टी आहेत, त्यांना मी न दिसणारा पगार म्हणते. घर स्वतःचं, म्हणजे भाडं शून्य. शिकवणी चालू असताना अडीच वर्षांचा मुलगा आजीच्या मांडीवर असतो, म्हणजे पाळणाघर शून्य. मुलगी शाळेतून आली की आजोबा व्हॅनपाशी उभे असतात. शेतावरचा गहू, कांदे, तूर येते, ती विकत घ्यायची तर महिन्याला दीड हजार तरी लागतील. कंपनी पंधरा मिनिटांवर, मिस्टर साडेसहाला घरात. यातल्या एकाही गोष्टीचं बिल येत नाही, म्हणून ती खर्चाच्या कागदावर दिसत नाही. शहर सोडलं की यातली प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते, नाहीतर तिच्यावाचून राहावं लागतं. दोन शहरांची तुलना करताना लोक भाव बघतात. भावाहून जास्त फरक इथे पडतो.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. १९९४ साली आम्ही साताऱ्याहून डोंबिवलीला आलो तेव्हा निघण्याआधी मीही एक कागद केला होता. भाडं, दूध, किराणा, पास, सगळं लिहिलं होतं, आणि दूध-किराण्याचा अंदाज जवळपास बरोबरही आला. चुकली ती एकच ओळ, 'किरकोळ'. तिच्यापुढे मी २०० लिहिले होते. तिसऱ्या महिन्यात ती ओळ ९०० वर गेली. वही अजून माझ्याकडे आहे. त्या पानावर रिक्षा, रिक्षा, वडापाव, डॉक्टर, रिक्षा, 'शेजारच्या मावशींना बाळ सांभाळल्याबद्दल साडी', परत रिक्षा असं लिहिलंय. साताऱ्यात यातलं काहीच लागत नसे. चालत जायचो, आणि बाळ आईकडे असायचं.

तेव्हा आता तुमचा मुंबईचा महिना लिहू. मी गृहीत धरते की सासू-सासरे नाशिकलाच राहतील, कारण वन बीएचकेत सहा माणसं राहणं हा त्यांच्यावर आणि तुमच्यावर, दोघांवर अन्याय होईल. मग चुली दोन होतात. नाशिकच्या घराचा मेंटेनन्स, त्यांची औषधं, त्यांचं खाणंपिणं, लाइट, वरखर्च मिळून १३ हजार तिकडे लागतीलच. इकडे चौघांचं खाणं १२,५०० धरा. भाजीसाठी हात जरा सैल धरलाय. तुमच्याकडची भाजी रात्री ट्रकनं वाशीच्या बाजारात जाते, तिथून फिरून गल्लीतल्या गाडीवर येते, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक हात आपलं काढून घेतो. पंचवटीत तुम्ही किलोचा भाव विचारता. मुंबईत भाजीवाला पाव किलोचा भाव सांगतो, 'वीस रुपये', आणि नव्या माणसाला ते किलोचे वाटतात. लाइट-गॅसचे २,५००. डोंबिवली-ठाण्यात वीज महावितरणचीच आहे, दर नाशिकचाच. अंधेरीत बहुतेक ठिकाणी अदानीची. पण नाशिकला डिसेंबरात गोधडी घेऊन झोपतो, मुंबईत तेव्हाही पंखा फिरत असतो. मुलीची शाळा आणि व्हॅन ७ हजार, मोबाइल १,४००, नाशिकच्या फेऱ्या ३ हजार, वरखर्च तुमच्या १०,८०० मधून आवळून ८ हजार. मिस्टरांचा प्रवास ठाणे-डोंबिवलीहून ३,५००, अंधेरीत राहिलात तर २ हजार.

ठाण्याचं भाडं २६ हजार धरलं तर बेरीज होते ७६,९००. पगारापेक्षा १,९०० जास्त. डोंबिवलीत ६५,९००, म्हणजे ९,१०० उरतात. अंधेरीत ८७,४००, म्हणजे दर महिन्याला १२,४०० ची खोट. आणि नाशिकला आज २० हजार उरतायत. सत्तावीस हजारांची वाढ घेऊन तिन्ही ठिकाणी तुमची शिल्लक आजच्यापेक्षा कमी होते. माझा एखादा आकडा हजार-पाचशेनं इकडेतिकडे असेल, तो तुम्ही दुरुस्त करा. दिशा बदलणार नाही.

कागदावर डोंबिवली जिंकते, म्हणून तिच्याविषयी थोडं. मी तिथे राहिले आहे, माझं त्या गावावर प्रेम आहे. मराठी शाळा आहेत, वाचनालयं आहेत, गणपतीला सोबत आहे, बाई माणसाला एकटं वाटत नाही. पण मिस्टरांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. घरातून शेअर रिक्षानं स्टेशन. फास्ट लोकल पकडून घाटकोपर, तिथे पूल चढून मेट्रो, चकाला किंवा जवळच्या स्टेशनला उतरून पुन्हा चालणं किंवा रिक्षा. दारातून दारात एक तास चाळीस मिनिटं, गाडी चुकली नाही तर. सकाळच्या फास्टला डोंबिवलीत बसायला मिळत नाही. दरवाज्यातून आत शिरता आलं तरी पुरे, आणि तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तर त्या दिवशी माणूस घरी येऊन सांगतो. फर्स्ट क्लासचा पास सेकंडच्या कितीतरी पट आहे, आणि गर्दी तिथेही आहे. परतीचे धरून दिवसाला तीन तास वीस मिनिटं, महिन्याच्या २४ दिवसांचे ८० तास. अंधेरीत राहिले तर २० तास. साठ तासांचा फरक.

या साठ तासांची किंमत काढता येते. अंधेरीचं घर डोंबिवलीपेक्षा, प्रवासाची बचत वजा करून, साडेएकवीस हजारांनी महाग पडतं. म्हणजे एक तास परत विकत घ्यायला साधारण साडेतीनशे रुपये. मिस्टरांचा पगार कामाच्या तासांवर वाटला, २४ दिवस, रोज ९ तास, तर तोही तासाला साडेतीनशेच्या घरात येतो. अंधेरीचा घरमालक तुमच्याकडून वेळेचा पुरेपूर भाव घेतोय. मुंबईची भाडी अशीच ठरतात, स्टेशनपासून आणि ऑफिसपासून वाचणाऱ्या मिनिटांवर. म्हणून भाडं बघताना एकटं भाडं बघू नका, भाडं आणि तास शेजारी शेजारी लिहा.

ठाण्याच्या बाबतीत ब्रोकरनं सांगितलेलं घर घोडबंदरचं आहे. पत्त्यात ठाणे असलं तरी कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला यायलाच सकाळी तास जाऊ शकतो. त्यापेक्षा ठाणे पूर्वेला कोपरीच्या बाजूला किंवा कळव्याला, स्टेशनपर्यंत चालत जाता येईल असं जुन्या इमारतीतलं घर बघा. लिफ्ट नसेल, रंग उडालेला असेल, पण मिस्टर साडेसातला घरी असतील. असल्फा, साकीनाका, मरोळ या मेट्रोच्या पट्ट्यातही विचारून बघायला हरकत नाही. घर बघायला संध्याकाळी सातला जा, दुपारी नको. आणि वॉचमनला किंवा खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा, पाणी किती वाजता येतं, टँकर मागवावा लागतो का. हे ब्रोकर सांगणार नाही.

एकदाच होणारा खर्चही लोक विसरतात. ब्रोकर साधारण एका महिन्याचं भाडं घेतो आणि करार नवा करताना पुन्हा हात पुढे करतो. कोपरी-कळव्याच्या घराचं भाडं मला माहीत नाही, म्हणून ठाण्याचे २६ हजारच धरते. तेवढी ब्रोकरी, टेम्पोचे १८ हजार, करार आणि एजंटचे मिळून ३ हजार, शाळेचा प्रवेश, गणवेश, पुस्तकं २५ हजार, पडदे, शेगडी, बादल्यांपासून गीझरपर्यंतचं किडूकमिडूक २० हजार. ९२ हजार झाले, आणि ते परत येणारे नाहीत. पहिल्या वर्षावर वाटले तर महिन्याला साडेसात हजारांहून जास्त. डिपॉझिट वेगळं. ते तीन महिन्यांचं मागितलं तर ७८ हजार अडकतील.

कंपनी आपल्या सोयीनं बदली करतेय, तर टेम्पोचा खर्च, ब्रोकरी आणि डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल, या तीन गोष्टी मिस्टरांनी मागायलाच हव्यात. पगार वाढवणं एचआरला जड जातं, कारण तो कायमचा वाढतो. एकदाच द्यायचे पैसे ते बऱ्याचदा देतात.

कराराबद्दल दोनच गोष्टी. अकरा महिन्यांचा असला तरी लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत करणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. 'साध्या स्टँपवर लिहून देतो' म्हणाला तर दुसरं घर बघा. आणि 'हेवी डिपॉझिट'च्या वाटेला अजिबात जाऊ नका. दहा-बारा लाख एकरकमी द्या आणि भाडं नको, हे ऐकायला गोड वाटतं. घरावर मालकाचं कर्ज असेल आणि त्यानं हप्ते थकवले, तर बँक घरापाशी येते आणि तुमचे दहा लाख मालकाच्या खिशात असतात. नाशिकचं घर तारण ठेवून असं डिपॉझिट भरलेलं एक कुटुंब मी जवळून पाहिलंय. त्यांची झोप उडालेली आठवली की आजही पोटात कालवतं. आमचंही पहिल्या घराचं निम्मं डिपॉझिट मालकानं रंगाच्या नावाखाली कापून घेतलं होतं, भिंतीवरची ओल आमच्या आधीची असूनही. पुरावा काहीच नव्हता. तुमच्या हातात मोबाइल आहे. सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, खिडकीचा फोटो काढा आणि मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवा.

मग जावं की नाही? माझं स्पष्ट मत असं की जानेवारीत सगळ्यांनी बिऱ्हाड हलवू नका. मिस्टरांनी एकट्यानं जावं, जूनपर्यंत. मुलीची चौथी नाशिकला पुरी होऊ दे. पाचवीला तशीही बऱ्याच ठिकाणी शाळा बदलते, शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला तो मोका बरा. मिस्टरांनी दोघा-तिघांत मिळून खोली घेतली तर भाडं १० हजार, जेवणाचे ५, प्रवासाचे २ आणि दर शनिवारी घरी यायचे अडीच हजार, असे साडेएकोणीस लागतील. इकडे त्यांचं पेट्रोल आणि जेवण मिळून ५,३०० वाचतील. तुमची शिकवणी चालू राहील, म्हणजे घरात ८९ हजार येतील आणि ५६,२०० जातील. शिल्लक ३२,८००, आजच्यापेक्षा १२,८०० जास्त. सहा महिन्यांचे ७६,८०० होतात. ठाण्याच्या घराचं डिपॉझिट जवळजवळ तेवढंच आहे, ते कुणाकडे हात न पसरता उभं राहील.

रोज पंचवटी एक्स्प्रेसनं ये-जा करीन, असं मिस्टर म्हणतील. पासधारकांचे डबे भरून माणसं वर्षानुवर्षं ते करतात, आणि त्यांची आपसातली माया मी पाहिली आहे. पण एका बाजूला तीन-साडेतीन तास गाडीत, वर दादरला उतरून अंधेरी. अंबडला पंधरा मिनिटांत पोचायची सवय असलेल्या माणसानं ते सुरू करू नये.

हे सहा महिने मिस्टरांनी एक छोटी वही ठेवायची आणि रोजचा खर्च लिहायचा, किरकोळसकट. शिवाय दोन गोष्टी कळून घ्यायच्या. मुंबईच्या ऑफिसला वरची जागा कधी आणि कितीची आहे, आणि ती नाशिकला राहून मिळणार नव्हती का. नाशिकला त्यांची वाट खरोखर संपलेली असेल आणि मुंबईत दोन-तीन वर्षांत पद आणि पगार दोन्ही वाढणार असतील, तर पहिली दोन वर्षं शिल्लक कमी पडली तरी मी जा म्हणेन. नुसत्या ७५ हजारांसाठी म्हणणार नाही. तुम्हाला एक आकडा हाताशी असू दे: आज उरतात तेवढेच २० हजार उरायला हवे असतील, तर डोंबिवलीत हातात ८६ हजार लागतील आणि ठाण्यात ९७. बोलणी करताना मिस्टरांच्या खिशात ही चिठ्ठी असावी. अर्थात तुम्ही तिकडे पुन्हा शिकवणी लावलीत तर हे आकडे खाली येतील. पण ओळख व्हायला, दोन पालकांनी तिसऱ्याला सांगायला वर्ष जातं, आणि तोवर धाकट्याला कोण बघणार हा प्रश्न आहेच. पहिल्या वर्षात त्या कमाईचा एक रुपयाही धरू नका.

सहा महिन्यांचं तीन वर्षं मात्र होऊ देऊ नका. आकड्यांत बघितलं तर 'तो तिकडे, आम्ही इकडे' हीच व्यवस्था सगळ्यात फायद्याची दिसते, आणि म्हणूनच ती लांबत जाते. अडीच वर्षांचं मूल शनिवारी आलेल्या बाबाला आधी दोन मिनिटं परक्यासारखं बघतं. त्यासाठी कुठल्या कागदावर रकाना करायचा, मला माहीत नाही. जूनची तारीख आत्ताच ठरवा आणि त्या दिवशी एकतर सगळे मुंबईला, नाहीतर मिस्टर नाशिकला परत, दुसरी नोकरी बघून का होईना.

राहिल्या सासूबाई. त्या बोलत नाहीत असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्यांना अजून कुणी विचारलंय का? तुमच्या १४ हजारांमागे दुपारी चार ते सात त्यांनी सांभाळलेलं बाळ आहे. सगळी गेली तर त्या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक गुंडाळून ठेवलेली सतरंजी उरणार, हे त्यांना तुमच्या आधी कळलं असेल. हा कागद मिस्टरांपुढे ठेवाल तेव्हा त्या दोघांनाही बसवा. मुंबईला तुमच्याबरोबर यायचं, इथेच राहायचं, की सुट्टीत नातवंडं इकडे येणार यावर समाधान मानायचं, हे त्यांच्या तोंडून ऐका. त्या 'येतो' म्हणाल्या तर वन बीएचकेचे वरचे सगळे आकडे खोडून टू बीएचकेचे घ्यावे लागतील, पण मग धाकट्याला बघायला माणूस असेल आणि तुमची शिकवणी वर्षाआधीही उभी राहू शकेल.

पगाराचा लेखी तक्ता हातात आला की मला पाठवा. त्यावर आपण पुन्हा बसू.

तुमची,
ताई